सातभाईंचे पिल्लू जमिनीवर आहे; उचलावे का?

माळरान: हिंगणा रस्त्याकडे आमच्या घरामागच्या पडीक जमिनीवर बाभळी-बोरींची झुडपे आहेत आणि तिथे लांब शेपटीच्या सात-आठ करड्या पक्ष्यांचा थवा कायम वावरतो. उडताना त्यांच्या शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात. कालपासून त्यांचे एक आखूड शेपटीचे पिल्लू बोरीखाली बसले आहे. त्याला नीट उडता येत नाही आणि चार-पाच निरनिराळे पक्षी त्याला किडे भरवतात. यातले आईबाप कोणते, आणि नागपूरच्या या उन्हात पिल्लाला घरात आणावे का?

पाखरू: कृपया आणू नका. शेपटीच्या पांढऱ्या कडांवरून हा मोठा करडा सातभाई वाटतो. कोरडी माळराने, काटेरी झुडपे आणि शेतांच्या कडा हेच त्याचे घर. ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. सातभाईंच्या थव्यात बहुधा एखादी जोडी अंडी घालते आणि बाकीचे, ज्यांत पूर्वीच्या विणीची मोठी झालेली पिल्लेही असतात, भरवायला व राखण करायला मदत करतात. म्हणून भरवताना पाहून आईबाप ओळखता येणार नाहीत. पंख पुरते भरण्याआधीच ही पिल्ले घरटे सोडतात, त्यामुळे तुमचे पिल्लू हरवलेले नसून सांभाळले जात आहे. ते घरात नेले, तर त्याला पोसणाऱ्या या सगळ्या थव्यापासूनच ते तुटेल.

बोरीबाभळी: चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि त्याच्या पिल्लालाही थवा तितक्याच निष्ठेने भरवतो. पिल्लू वेगळे दिसले तरी हस्तक्षेप नको.

माळरान: मनापासून आभार. पण शेजारचे मांजर तिथे फिरते, त्याचे काय करावे?

पाखरू: खरा धोका तोच आहे. शेजाऱ्यांना विनंती करून मांजर काही दिवस घरात ठेवायला सांगा आणि पिल्लू उघड्यावर असेल तर त्याला अलगद उचलून त्याच बोरीच्या काटेरी फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देत नाहीत. ते जखमी दिसले, तर सेमिनरी हिल्सवरील वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी संपर्क साधा. आणि ती झुडपे साफ करण्याचा विचार कोणी करत असेल, तर निदान पिल्लू उडेपर्यंत त्यांना थांबवा.