कुकीची परवानगी प्रकारवार मागायलाच हवी, आणि ‘नको’चं बटण पहिल्याच पडद्यावर हवं

रानवाट

बऱ्याच मराठी संकेतस्थळांवर तळाशी एक पट्टी येते: ‘उत्तम अनुभवासाठी आम्ही कुकी वापरतो.’ कुकी म्हणजे संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, तुम्हाला पुन्हा ओळखता यावं म्हणून. पट्टीशेजारी एकच बटण, ‘ठीक आहे’. ज्याला ठीक वाटत नाही त्याने काय करायचं? ही परवानगी नव्हे, नुसती दवंडी आहे.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं संकेतस्थळ मी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये, म्हणजे पानाच्या आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या खिडकीत, उघडून पाहिलं. पट्टीला हातही लावला नव्हता, तोवर भेटी मोजणाऱ्या सेवेची दोन वर्षं टिकणारी कुकी आणि एका समाजमाध्यमाच्या पिक्सेलची (जाहिरातीसाठी तुमच्या भेटीची खबर देणाऱ्या कोडच्या तुकड्याची) ९० दिवसांची कुकी येऊन बसली होती. तेही खातेदारांच्या लॉगिनच्या पानावर. तिथे जाहिरातवाल्याचं काय काम?

माझी मागणी अशी. लॉगिन, खरेदीची पिशवी, सुरक्षितता यांच्या कुकी आवश्यक. त्यांना विचारायची गरज नाही. भाषा किंवा अक्षराचा आकार लक्षात ठेवणाऱ्या वेगळ्या, भेटी मोजणाऱ्या वेगळ्या, जाहिरातीसाठी माग काढणाऱ्या वेगळ्या. आवश्यक सोडून बाकी सगळ्यांची बटणं आधीपासून बंद हवीत. ‘सगळं मान्य’ जिथे आहे त्याच ओळीत, त्याच आकारात ‘सगळं नको’ हवं. आणि होकार येईपर्यंत त्या कुकी टाकणारी स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम, चालताच कामा नये.

युरोपात हे न्यायालयात ठरलेलं आहे. ‘प्लॅनेट ४९’ ही जर्मनीतली ऑनलाइन सोडत चालवणारी कंपनी होती. तिने कुकीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं, अशी खूण म्हणजे संमती नाही. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या ‘क्नील’ या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला. कारण होतं, होकार एका क्लिकमध्ये आणि नकाराला अनेक क्लिक.

आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात कुकीचं नाव नाही, पण संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी असं स्पष्ट लिहिलं आहे. दिली तितक्याच सहजतेने ती मागेही घेता आली पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. तेवढ्या काळात मराठी संकेतस्थळांनी आपणहून हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

वेबवाला सांगलीकर

रानवाट, तत्त्व मान्य, पण हे राबवणाऱ्याच्या जागी उभे राहून बघा. मी मंगल कार्यालयं, क्लासेस, सराफ यांची संकेतस्थळं बनवतो. वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवायची तयार प्रणाली, एक तयार थीम, दहा-बारा प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे तयार भाग. चॅटचं एक, गॅलरीचं एक, फॉर्मचं एक. प्रत्येकजण आपली कुकी टाकतो आणि अपडेट आलं की नावं बदलतात. कुठली कुकी कुठल्या प्रकारात, हे कोण सतत बघत बसणार? संमतीची तयार साधनं आहेत, पण चांगल्यांना दरमहा डॉलर मोजावे लागतात. सराफाला पाडव्याची जाहिरात चालवायची असते, म्हणून तो पिक्सेल मागतोच. त्याला मी ‘आधी गिऱ्हाईकाला विचारा’ म्हटलं, तर तो दुसऱ्याकडे जाईल आणि दुसरा न विचारता टाकून देईल.

आणि वाचणाऱ्याचं काय? मोबाइलवर चार बटणांची यादी आली की माणूस रंगीत बटण दाबून मोकळा होतो. नियम मोठ्यांना लावा. मंगल कार्यालयाच्या पानावर हे ओझं नको.

म्युनिककर

मी बरीच वर्षं जर्मनीत आहे, त्यामुळे तुम्ही मागताय ते रोज बघते. आणि माझा या प्रकारवार पद्धतीला विरोध आहे. सांगलीकर म्हणतात ते कारण नाही. माझ्या मते ही पद्धत वाचकाला थकवण्यासाठीच वापरली जाते.

तुम्ही ‘सेटिंग्ज’ उघडता. चार प्रकार दिसतात, सगळे बंद. बरं वाटतं. मग शेजारी दुसरा टॅब दिसतो, ‘न्याय्य हितसंबंध’, म्हणजे धंद्याची गरज सांगून संमतीशिवाय माहिती वापरायचं युरोपीय कायद्यातलं कारण. तिथे शेकडो जाहिरात कंपन्यांची यादी, आणि त्यांची बटणं चालू! एकेक बंद करत बसा. इथल्या काही मोठ्या वृत्तपत्रांनी तर सरळ दोनच दारं ठेवलीत: माग काढू द्या किंवा महिन्याची वर्गणी भरा. आणि हे दर संकेतस्थळावर नव्याने.

माझी निवड मी एकदाच, ब्राउझरमध्ये करणार आणि प्रत्येक संकेतस्थळाने ती पाळायची, हे खरं उत्तर. कॅलिफोर्नियात ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ हा ‘माझी माहिती विकू नका’ असं सांगणारा ब्राउझरचा संकेत पाळणं बंधनकारक आहे. तो न पाळणं हा तिथल्या सेफोरा प्रकरणातला एक आरोप होता आणि २०२२ मध्ये त्या कंपनीने १२ लाख डॉलर भरून तडजोड केली. युरोपीय आयोगानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये असाच प्रस्ताव मांडला आहे: निवड ब्राउझरमधून कळवता यावी आणि एकदा नाही म्हटलं की सहा महिने पुन्हा विचारू नये. युरोपने जे करून हात पोळून घेतले, ते आपण आता कशाला सुरू करायचं?

रानवाट

म्युनिककर, ब्राउझरचा संकेत मलाही हवा आहे. पण ‘डू नॉट ट्रॅक’ या, ‘माझा माग काढू नका’ असं सांगणाऱ्या जुन्या संकेताची गत आठवा. ब्राउझर वर्षानुवर्षं तो संकेत पाठवत राहिले आणि बहुतेक संकेतस्थळांनी ढुंकूनही पाहिलं नाही. २०१९ च्या सुरुवातीला त्याचा मानक ठरवणारा गटच बंद झाला. सक्तीचा कायदा नसेल तर संकेताला किंमत नाही आणि आपल्याकडे तशी सक्ती आज नाही. तोवर वाचकाच्या हातात काहीच द्यायचं नाही का? शिवाय तुम्ही सांगता तो ‘न्याय्य हितसंबंधा’चा दुसरा टॅब आपल्या कायद्यात बसत नाही. संमतीशिवाय माहिती वापरण्याची कारणं कायद्याच्या कलम ७ मध्ये मोजून दिली आहेत. ‘माझा धंदा आहे म्हणून’ हे त्यांत नाही.

थकव्याबद्दल एक मोजलेली गोष्ट सांगतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पट्ट्यांची रचना बदलून पाहिली. पहिल्या पडद्यावरून नकाराचं बटण काढलं तर होकार २२-२३ टक्के गुणांनी वाढले. प्रकार किंवा कंपन्या पहिल्याच पडद्यावर दाखवल्या तर ८ ते २० गुणांनी घटले. म्हणजे समोर निवड ठेवली की माणसं ती वापरतात. थकवा रचनेतून येतो.

सांगलीकर, तुमची अडचण खरी आहे, पण प्लगइन तुम्हीच निवडता ना? मंगल कार्यालयाच्या पानावर बहुधा तीनच बाहेरच्या गोष्टी असतात: नकाशा, व्हिडिओ, पिक्सेल. नकाशाच्या जागी आधी साधं चित्र ठेवा, त्यावर लिहा, ‘नकाशा दाखवा, दाखवल्यावर बाहेरच्या कंपनीच्या कुकी येऊ शकतात’. ज्याला रस्ता हवा तो दाबेल. व्हिडिओचंही तसंच. पानही झटपट उघडतं. पिक्सेलच्या स्क्रिप्टला ‘होकार आल्याशिवाय चालू नको’ अशी खूण करून ठेवायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि भेटी मोजायच्याच असतील तर कुकीशिवाय मोजणारी साधनं आहेत. तुमच्या सर्व्हरच्या नोंदींतूनही आकडा निघतो.

चिंचगूळ

सगळी चर्चा एक माणूस, एक फोन असं धरून चालली आहे. आमच्या घरी एक फोन तिघं वापरतात. धाकटीने पाळीच्या दुखण्याबद्दल एका आरोग्यविषयक संकेतस्थळावर वाचलं. पट्टी आली, तिने समोर दिसलं ते दाबलं. पुढचा आठवडाभर आजोबा बातम्या वाचत होते त्या पानावर त्याच औषधांच्या जाहिराती. पोरगी दोन दिवस आजोबांसमोर बसायला तयार नव्हती. तिचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून मला ‘जाहिरात’ हा प्रकार वेगळा आणि बंदच हवा. भेटी मोजल्या तर मोजा. आपल्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत. पण समोर मूल आहे की आजोबा, हे त्या संकेतस्थळाला कळणार कसं? कळत नसेल तर न विचारता माग काढायचाच नाही, एवढं सोपं उत्तर आहे.

शिळाप्रेस

मी तालुक्याचं बातमीपत्र चालवतो, आता बहुतेक ऑनलाइन. दोन वार्ताहर, एक मी. जाहिरात नेटवर्ककडून येणारे पैसे मुळातच थोडे. वाचकाने माग काढायला नाही म्हटलं की त्याच जागेचा भाव आणखी पडतो. नकार होकाराइतकाच सोपा केला की बहुतेक लोक नकारच देणार, तुमचा अभ्यासच तसं सुचवतो. मग ग्रामपंचायतीच्या बैठकीला वार्ताहर पाठवायचा खर्च कुणी द्यायचा? ज्यांच्याकडे लॉगिन केलेले कोट्यवधी वापरकर्ते आहेत त्या बड्या कंपन्यांना कुकीची गरजच कमी. तुमच्या नियमाने मरणार ते आम्ही.

चिंचगूळताई, तुमच्या लेकीचं वाचून मलाही वाईट वाटलं. आरोग्याच्या पानांवर माग काढणं बंद करा, माझा पाठिंबा आहे. पण गावच्या बातम्यांना तोच नियम लावू नका.

वेबवाला सांगलीकर

शिळाप्रेस, इथे मी तुमच्या बाजूने नाही. माझ्या सराफाला तुमच्या तालुक्यातले वाचक हवे असतात, कुणी काल काय शोधलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्याला तुमच्या पानावरची जागा महिन्याच्या भावाने थेट विका. उसाच्या बातमीशेजारी ठिबकवाल्याची, दहावीच्या निकालाशेजारी क्लासवाल्याची. त्याला कुकी लागत नाही आणि मधला दलालही कापत नाही.

बाकी रानवाट, नकाशाची सूचना घेण्यासारखी आहे. पण प्रकारांची यादी अद्ययावत ठेवण्याचा प्रश्न तुम्ही टाळलात. आज बंद केलेला प्लगइन उद्याच्या अपडेटमध्ये नवी कुकी टाकणार आणि संमती घेतल्याचा पुरावा कायद्याने मालकालाच द्यावा लागणार. छोट्यांना परवडेल अशी यंत्रणा आधी हवी, मग सक्ती.

शिळाप्रेस

थेट विक्रीला माणूस लागतो. सणासुदीला जाहिराती मिळतात, श्रावण संपेपर्यंत पान रिकामं. तरी दिवाळीपासून एक जागा तशी ठेवून पाहीन. माग काढण्याच्या मुद्द्यावर मत बदललेलं नाही.

म्युनिककर

माझंही नाही. दोनच बटणं ठेवा, हो आणि नाही, सारखी. प्रकार काढून टाका. चार बटणं आली की पाचवं, सहावं येणार आणि त्यांच्या आड पुन्हा कंपन्यांची यादी.

रानवाट

दोनच बटणं ठेवली तर लोक कशाला होकार देतील ते बघा. ज्याला लेखातला व्हिडिओ बघायचा आहे किंवा अक्षर मोठं करून ठेवायचं आहे, त्याला तेवढ्यासाठी जाहिरातवाल्यालाही आत घ्यावं लागेल. ‘हो’मध्ये सगळं एकत्र बांधलं की ती संमती विशिष्ट उरत नाही, आणि कायदा नेमकं तेच मागतो. पहिल्या पडद्यावर ‘सगळं मान्य’, ‘सगळं नको’ आणि तीन प्रकार, प्रत्येकासमोर एक ओळ: कशासाठी, कोणाकडे जातं, किती दिवस राहतं. कंपन्यांची यादी या तीन ओळींत मावत नसेल, तर त्या कंपन्या कमी करायच्या.

सांगलीकर, अपडेटचा प्रश्न उरतोच, मान्य. तुम्ही नेहमी वापरता त्या प्लगइनची नावं इथे टाका. कुठला काय टाकतो ते तपासून मी याच धाग्यात लिहितो. बाकीच्यांनीही आपापली भर घालावी.