मदत हवी आहे: कँटनीजमध्ये 'जप्ती'चा कोणता शब्द कुठे वापरायचा?

नमस्कार मंडळी,

हाँगकाँगला येऊन तीन वर्षं झाली. बाजारहाटापुरती कँटनीज येते. गेल्या महिन्यात भाडेकरार वाढवताना एजंट म्हणाला की हे घर 'तेङ१-खाय३' आहे. (आकडे सुरांचे. रोमनमधला जी म्हणजे आपला क आणि के म्हणजे ख, म्हणून मी देवनागरीतच टिपते.) मला वाटलं, घरावर जप्ती आली. दोन रात्री झोप नाही. मग उलगडलं: तेङ म्हणजे खिळा ठोकणं, खाय म्हणजे दस्त. बांधकाम खात्याने मालकाला काढलेला आदेश लँड रजिस्ट्रीत त्या घरावर नोंदवतात. आपल्या सातबाऱ्यावर बोजा चढतो, अगदी तसंच! मालकी जात नाही, विकताना अडतं.

तेव्हापासून हे सगळे शब्द वहीत उतरवतेय. 'छुङ१-कुङ१' चटकन बसला, कारण कुङ म्हणजे सार्वजनिक, आपलं 'सरकारजमा'. पण शेजारच्या मुलीचा मोबाईल शाळेत बाईंनी काढून घेतला, तर तीही छुङ-कुङच म्हणाली. बातम्यांत कोर्टाचा विषय निघाला की 'मुत६-साउ१' ऐकू येतं. कस्टम्सने माल पकडला तर 'किम२-वोक६'. सील ठोकणं 'छा४-फुङ१', खातं गोठवणं 'तुङ३-कित३', आणि यातला तुङही गोठण्याचाच, हे बघून फार बरं वाटलं. सरकार मोबदला देऊन जमीन घेतं ते 'साउ१-तेइ६'. यातला साउ आणि मुत-साउमधला साउ एकच. घरमालक भाडं गोळा करतो तोही साउ. म्हणजे नुसत्या साउवरून काही कळत नाही, जोडीचा शब्द पकडावा लागतो.

अडलंय ते इथे. आपण 'टाच आणली' म्हणतो तेव्हा वस्तू अजून मालकाचीच असते, फक्त हात लावता येत नाही. त्याला 'खाउ३-आत३' चालेल का? की बेलिफ घरातलं सामान ताब्यात घेतो तेव्हाच तो म्हणायचा? आणि सरकारी कचेरीत बोलताना छुङ-कुङ फार घरगुती वाटतो का?

पुढच्या आठवड्यात घरमालकांशी बोलणं आहे, एजंटला मध्ये न घेता. तिथे राहणाऱ्या किंवा कोर्टकचेरीत दुभाष्याचं काम केलेल्या कुणी एकेक वाक्य बोलीभाषेतलं लिहून दिलं तर फार उपकार होतील. सुरांचे आकडे जरूर घाला.