मदत हवी आहे: रुबेला आयजीएम पॉझिटिव्ह, पण पुरळ-ताप काहीच नाही

नमस्कार मंडळी, लॅबमधल्या जाणकारांनी कृपया वाचा.

वहिनीला अकरावा आठवडा चालू आहे. टॉर्च पॅनेलमध्ये (गर्भाला धोक्याच्या संसर्गांसाठीची रक्ततपासणी) रुबेला आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी अँटिबॉडी) १.३ (१.१च्या वर पॉझिटिव्ह) आणि आयजीजी (जुन्या संसर्गाची किंवा लसीची, टिकून राहणारी अँटिबॉडी) १४२ आलंय. ताप, पुरळ, कानामागे गाठी, काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणतात पुन्हा तपासू, पण नात्यातल्या एका काकूंनी थेट गर्भपाताचा विषय काढून वहिनीची झोप उडवलीय. रिपोर्टखाली नुसतं 'एलायझा' (रंग येण्यावरून अँटिबॉडी मोजायची पद्धत) लिहिलंय. लॅबला नेमकं काय विचारू? आणि अॅव्हिडिटी (आयजीजीची पकड किती घट्ट आहे ती चाचणी) आत्ता करायची की थांबायचं?

स्लाइडवाली:
काकूंना आधी चहा द्या आणि गप्प बसवा. लक्षणं नाहीत, रुग्णाशी संपर्क नाही आणि आयजीएम जेमतेम रेषेवर, अशा वेळी खोटं पॉझिटिव्ह बऱ्याचदा निघतं. पार्व्हो बी१९ किंवा ईबीव्ही हे दुसरे विषाणू किंवा संधिवाताचा आरए फॅक्टर (आयजीजीलाच चिकटणारी अँटिबॉडी) असला तरी आयजीएम वर जातं.

एलायझा 'इनडायरेक्ट' की 'कॅप्चर' ते विचारा. इनडायरेक्टमध्ये प्लेटवर विषाणूचं अँटिजेन (अँटिबॉडी जिला चिकटते ती प्रथिनं) असतं. सीरममधलं (रक्तातल्या पातळ भागातलं) आयजीजी आधी काढलं नाही, तर आरए फॅक्टर त्याला चिकटून फसवा रंग येतो. कॅप्चरमध्ये आधी रुग्णाचं आयजीएमच पकडतात, त्यामुळे हा घोळ कमी.

अॅव्हिडिटी मात्र आत्ताच करा. त्यात युरियाने धुऊन आयजीजी अँटिजेनला किती घट्ट धरून राहतं ते बघतात. ताज्या संसर्गात पकड सैल असते, ती घट्ट व्हायला साधारण तीन महिने लागतात. अकराव्या आठवड्यात 'हाय' आली, तर संसर्ग बहुतेक गर्भधारणेआधीचा. पाचव्या महिन्यात तोच 'हाय' फारसं काही सांगत नाही.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद ताई! वहिनी नववीत असताना, २०१८च्या गोवर-रुबेला मोहिमेत शाळेत लस घेतली होती. त्याने फरक पडतो?

स्लाइडवाली:
पडतो की! आयजीजीचं कारण मिळालं. डॉक्टरांना हे नक्की सांगा, लग्नाआधीचा एखादा आयजीजी रिपोर्ट असेल तर तोही शोधा. आणि पहिलं सीरम टाकू नका असं लॅबला आजच कळवा. दोन-तीन आठवड्यांनी दुसरं सॅम्पल घेतलं, की दोन्ही एकाच वेळी, एकाच किटवर लावायला सांगा. वेगवेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून आयजीजी वाढलं की नाही ते ठरवता येत नाही.

प्रश्नकर्ता:
लॅबला फोन केला. इनडायरेक्टच निघाली, सीरम फ्रीजरमध्ये आहे. पुण्यात अॅव्हिडिटी कुठे होते, कुणाला माहीत आहे का?