कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झालाय, पण सर्व्हर रीस्टार्ट करू देत नाहीत. तोवर काय करू?

नमस्कार मंडळी,

सातपूरला एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. ‘तुला कॉम्प्युटरचं कळतं’ म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात. उबुंटू लिनक्स २२.०४ आहे, सात-आठ जणांची लॉगिन, त्यात ट्रेनिंगला आलेली डिप्लोमाची दोन पोरं.

सीव्हीई-२०२४-१०८६ या कर्नलमधल्या सुरक्षा-त्रुटीबद्दल उशिराच वाचलं. नेटफिल्टरच्या (कर्नलमधला फायरवॉलचा भाग) एनएफ-टेबल्समध्ये एकदा मोकळी केलेली मेमरी कर्नल पुन्हा वापरतो आणि साधा युजर रूट होतो, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार त्याच्या हाती जातात. दुरुस्ती २०२४ च्या जानेवारीत आली, मार्चमध्ये ही त्रुटी वापरून रूट होण्याचा चालता कोड सगळ्यांसाठी खुला झाला. मी निवांत होतो, कारण अपडेट तर नियमित करतो. मग सहज युनेम (चालू कर्नल दाखवणारी कमांड) टाकून पाहिलं, तर चालू कर्नल ५.१५.०-९१! नवा कर्नल डिस्कवर नुसता पडून आहे, रीस्टार्टशिवाय तो लागू होत नाही. अपटाइम (न थांबता चालू) ४१२ दिवस. शेठ हा आकडा पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, आता त्यांना काय सांगू? लाइव्हपॅच (रीस्टार्टशिवाय कर्नल दुरुस्त करणारी सोय) कधी सुरूच केलं नव्हतं. रीस्टार्टचं काढलं की एकच उत्तर : ‘३१ मार्च होऊ दे.’

तात्पुरतं सिसकंट्रोलमध्ये (कर्नलची सेटिंग्ज) ‘अनप्रिव्हिलेज्ड युजरएनएस क्लोन’ शून्य केलंय, म्हणजे साध्या युजरला स्वतःचा वेगळा नेमस्पेस बनवता येत नाही. एवढ्यावर महिना निघेल का? एनएफ-टेबल्स मॉड्यूलच बंद करू का? आणि आधीच कुणी रूट झालं असेल तर कळणार कसं?

(एका पोराच्या फोल्डरमध्ये सी-ची फाइल दिसली तेव्हा छातीत धस्स झालं. उघडली तर लिंक्ड लिस्टची असाइनमेंट, तीही अर्धवट. माझीच मला लाज वाटली.)

उत्तर १
दादा, मॉड्यूलला हात लावू नका. २२.०४ मध्ये आयपीटेबल्ससुद्धा आतून एनएफ-टेबल्सच वापरतं, फायरवॉलच घालवून बसाल. नेमस्पेस बंद केलंत ते बरोबर. साध्या युजरला तिथवर पोचायचा नेहमीचा रस्ता तोच. पण ते सिसकंट्रोल-डीच्या फाइलमध्ये लिहिलंय ना? नुसत्या कमांडने केलं असेल तर बूट झाल्यावर उडेल. रूटलेस पॉडमॅन (रूट नसताना कंटेनर चालवणारं साधन) कुणी वापरत असेल तर ते मात्र अडेल. आणि इतक्या जुन्या कर्नलमध्ये हे एकच भोक थोडंच असणार?
कुणी रूट झालं होतं का, हे त्याच मशीनच्या लॉगवरून छातीठोकपणे सांगता येत नाही, रूटला लॉग पुसता येतात. लॉग आजपासून दुसऱ्या मशीनवर पाठवा.

मूळ लेखक
कमांडनेच केलं होतं, आत्ता फाइलमध्ये टाकलं. पोरांची लॉगिन तूर्त बंद केली, त्यांना कारण ‘मेंटेनन्स’ सांगितलंय. शनिवारी कारखान्याला सुट्टी असते, बॅकअप घेऊन सकाळी ७ ला रीस्टार्ट करतो म्हटलं. शेठ म्हणाले, ‘परत चालू होईल ना, एवढं लिहून दे.’ ४१२ दिवसांनी बूट करताना नेमकं काय अडतं, अनुभव असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.