पंढरपूरची शासकीय पूजा आणि जेफर्सनची ‘भिंत’

सोलापूरचा वाचक:
अमेरिकेत धर्म आणि राज्य यांच्यामध्ये भिंत आहे, असे आपण सर्रास म्हणतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यात मात्र आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय पूजा करतात आणि मंदिर समितीही सरकारच नेमते. हे आपल्या राज्यघटनेत कसे बसते? उत्तर देताना पक्षीय राजकारण कृपया टाळावे.

निवृत्त शिक्षक:
‘भिंत’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत नाही. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी 1802 मध्ये डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांना, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, लिहिलेल्या पत्रात तो येतो. हे बाप्टिस्ट ज्या कनेक्टिकटमध्ये राहत होते, तिथे दुसऱ्याच पंथाला राजाश्रय होता. म्हणजे भिंतीची आस नास्तिकांना नव्हे, भाविकांना होती, हे आपल्याकडे विसरले जाते.

वकील, उत्तर कसबा:
आपल्या घटनाकारांनी अशी भिंत का घातली नाही, याचे उत्तर पंढरपुरातच मिळते. विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावे लागले होते. म्हणूनच कलम 25 धर्मस्वातंत्र्य देतानाच, हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा आणि धर्माशी निगडित आर्थिक व इतर लौकिक व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार राज्याकडे ठेवते. 1973 च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले, आणि त्यावरचा दीर्घ वाद सर्वोच्च न्यायालयात 2014 मध्ये संपला. दानपेटीचा हिशेब हा लौकिक व्यवहार आहे; पूजा तशी नाही, त्यामुळे सरकारने समिती नेमण्याचे समर्थन शासकीय पूजेला आपोआप लागू पडत नाही, असे माझे मत आहे.

अक्कलकोटकर:
मुख्यमंत्री हेही भाविकच असतात. कलम 25 त्यांना नाही काय?

वकील, उत्तर कसबा:
जरूर आहे, पण ते व्यक्ती म्हणून. ‘शासकीय’ हे विशेषण व्यक्तीला लागत नाही, पदाला लागते. कलम 27 इथे फारसे उपयोगी नाही, कारण ते विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याच्या सक्तीपुरतेच बोलते.

सोलापूरचा वाचक:
आभारी आहे. मग पूजाच बंद करावी, असे आपले म्हणणे आहे काय?

वकील, उत्तर कसबा:
मुळीच नाही. दर्शनरांगेतून निवडलेले मानाचे वारकरी दांपत्य त्या पहाटे गाभाऱ्यात असतेच. पूजा त्यांच्याच हातून झाली, तर माझा आक्षेप उरत नाही.