लिबडेम फक्त फीवाढीमुळे बुडाले नाहीत

ब्रिटनचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष, म्हणजे लिबडेम, २०१५ मध्ये ५७ जागांवरून ८ वर आला तो विद्यापीठांच्या फीवाढीमुळे, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. त्यांनी फीवाढीला विरोध करण्याचं लेखी वचन दिलं होतं; तरी डिसेंबर २०१० मध्ये हुजूर पक्षासोबतच्या त्यांच्याच आघाडी सरकारने कमाल फी ९,००० पौंड केली, तेव्हा त्यांच्या पक्षात उभी फूट पडली. २१ खासदारांनी विरोधात मत दिलं. विश्वास तिथेच गेला, मान्य.

पण गमावलेल्या जागा कुणाकडे गेल्या ते बघा. मजूर पक्षाकडे १२, एसएनपीकडे (स्कॉटिश नॅशनल पार्टी) १०, आणि तब्बल २७ खुद्द सत्तेतल्या जोडीदाराकडे, हुजूर पक्षाकडे! नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये तर एकही जागा उरली नाही. तिथे मजूर पक्षाकडे झुकणारे कितीतरी लोक हुजूर उमेदवाराला पाडायचं म्हणून लिबडेमना मत देत. यांनीच हुजूर नेते कॅमेरॉन यांना पंतप्रधान केल्यावर त्या मतदारांनी पुन्हा यांच्यासाठी बाहेर का पडावं?

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आयकराची करमुक्त मर्यादा १०,००० पौंडांपर्यंत नेणं हे लिबडेमच्या जाहीरनाम्यातलं वचन होतं आणि त्यांनी ते सरकारकडून पाळून घेतलं. कमी पगारवाल्यांना त्याचा खरा फायदा झाला, पण प्रचारात त्याचं श्रेय हुजुरांनी घेतलं.