ऑस्कर रॉबर्टसन आणि ती केस
अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये रसेल वेस्टब्रुकने २०१६-१७ मध्ये सीझनभर ट्रिपल-डबलची (पॉइंट, रिबाउंड म्हणजे हुकलेला बॉल पकडणं, आणि असिस्ट म्हणजे बास्केटसाठी दिलेला पास, तिन्ही दोन आकडी) सरासरी ठेवली आणि तसं आधी करणाऱ्या ऑस्कर रॉबर्टसनचं महत्त्व संपलं, असं काही जण म्हणतात. आकड्यांपुरतं ठीक, ऑस्करचे १९६१-६२ चे सरासरी ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट आता एकमेव राहिले नाहीत. पण त्याचं सगळ्यात मोठं काम, म्हणजे लीगवरची केस, हे लोक काढतच नाहीत.

तेव्हा करार संपला तरी खेळाडूवर हक्क टीमचाच, मनासारखं दुसरीकडे जायची सोयच नव्हती. ऑस्कर खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष होता, १९७० मध्ये एनबीए आणि तिची प्रतिस्पर्धी लीग एबीए एकत्र येणार म्हटल्यावर त्याच्या नावाने लीगवर केस झाली, कारण दोन्ही लीग एक झाल्या की पगारासाठी घासाघीस करायला दुसरं दारच उरलं नसतं. केस चालू असतानाच तो मिलवॉकीकडून १९७१ ची चॅम्पियनशिप जिंकला, १९७४ ला रिटायर झाला, आणि तडजोड झाली १९७६ मध्ये! स्वतः खेळाडू म्हणून त्याला काडीचा फायदा नाही, तरी सुपरस्टार असून सगळ्यांसाठी लढला, मला तर हे त्या सरासरीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. याच लढ्याच्या पुढच्या टप्प्यात १९८८ ला टॉम चेंबर्स पहिला पूर्ण मोकळा फ्री एजंट (करार संपल्यावर हव्या त्या टीमकडे जाऊ शकणारा खेळाडू) म्हणून सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेला.